आठ-शून्य झाल्यावर कोचने काय करायचं?

जुलै ते ऑक्टोबर हा आपल्याकडे शालेय फुटबॉलचा हंगाम. सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेऱ्या, महापालिकांच्या आंतरशालेय स्पर्धा, शिवाय वाशी-नेरुळपासून घोडबंदर रोडच्या टर्फपर्यंत खासगी स्पर्धा. आणि दर हंगामात ९-०, १२-० असे निकाल. कारण सोपं आहे. एका बाजूला आठवड्यातून चार संध्याकाळ अकादमीत घाम गाळणारी मुलं असतात, दुसऱ्या बाजूला परिपत्रक आल्यावर पीटीच्या सरांनी वर्गावर्गांतून गोळा केलेली अकरा. ड्रॉ चिठ्ठ्या टाकून निघतो आणि पहिल्याच फेरीत ही दोन टोकं समोरासमोर येतात.

मग ठरलेला वाद. एक गट म्हणतो, पाच झाले की थांबा, पोरांची अब्रू काढू नका. दुसरा म्हणतो, थांबणं हाच खरा अपमान, पूर्ण ताकदीने खेळा. दोघांचंही लक्ष फलकावर असतं. माझ्या मते बारा गोल झाले एवढ्याने कोच दोषी ठरत नाही. पाच-शून्यनंतरही त्याने तेच अकरा, तीच मांडणी आणि तोच दबाव ठेवला असेल, तर मात्र ठरतो. आणि यात समोरच्यांइतकंच नुकसान त्याच्या स्वतःच्या पोरांचं होतं.

आधी हे बघू की एकतर्फी सामन्यात गोल होतात कसे. बारा वर्षांखालच्या गटात बहुतेक गोल सुंदर चालीतून येत नाहीत. ते गोलकिकवरून, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर बचाव करणाऱ्या संघाने आपल्या गोलजवळून मारायच्या किकवरून, येतात. दुबळ्या संघाच्या कीपरची किक पंधरा-वीस मीटरच्या पुढे जात नाही, त्यात मैदान ओलं असेल तर आणखी कमी. समोरचे तीन फॉरवर्ड पेनल्टी एरियाच्या कडेला उभेच असतात. चेंडू थेट त्यांच्या पायात, दोन टच, गोल. २०१९ पासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी एरियाच्या बाहेर जाण्याची अट गेली, तेव्हापासून टीव्हीवर बघून आपली मुलंही कीपरकडून स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, छोटा पास द्यायला लागली. दबावाखाली तो पास सहा यार्डांच्या आसपास हरवतो. म्हणजे एक गोल, पुन्हा सेंटर, पुन्हा चेंडू गेला, पुन्हा गोलकिक, पुन्हा गोल. पाच मिनिटांत तीन गोल असेच होतात.

दुसरं कारण गोलपोस्ट. पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. नऊ-नऊच्या खेळासाठी इंग्लंडमध्ये १६ बाय ७ फुटांचा, म्हणजे साधारण ४.८८ बाय २.१३ मीटरचा गोल वापरतात. क्षेत्रफळ काढलं तर मोठा गोल जवळजवळ पावणेदोन पट. आपल्याकडे मैदानावर जो पोस्ट गाडलेला आहे तोच सगळ्या वयोगटांना. सव्वाचार फुटी कीपरच्या डोक्यावरून वीस मीटरवरून टोलवलेला चेंडू आत जातो, तेव्हा त्यात कीपरचा काय दोष आणि मारणाऱ्याचं तरी काय कौशल्य? मारणाऱ्याच्या डोक्यात मात्र पक्कं बसतं की लांबून उंच मारायचं. दोन वर्षांनी समोर पाच फूट आठ इंचाचा कीपर येतो आणि तेच फटके अलगद त्याच्या हातात जातात.

म्हणून पहिला उपाय दबाव काढून घेण्याचा, आणि तो एकटाच निम्मं काम करतो. फरक चार-पाचवर गेला की आपल्या सगळ्यांना समोरच्या गोलकिकच्या वेळी मध्यरेषेपर्यंत मागे बोलवायचं. चेंडू त्यांच्या एका खेळाडूच्या पायात स्थिर झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुलांना कळावं म्हणून सूचना तीन शब्दांची ठेवायची: "सर्कलच्या मागे या." यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मिनी फुटबॉलच्या नियमांत गोलकिकला विरोधकांनी ठरलेल्या रेषेमागे जाण्याची तरतूद असतेच, आपण ती स्वतःहून लावतो इतकंच. समोरच्यांना अखेर चेंडू पायात घेऊन मान वर करायला दोन सेकंद मिळतात. आपल्या मुलांना मधल्या पट्ट्यात एकत्र उभं राहून अडवायचं कसं ते शिकावं लागतं, जे आठवडाभराच्या सरावात कोणी मन लावून करत नाही.

दुसरा उपाय जागा बदलणं. डाव्या विंगरला राइट बॅक, स्ट्रायकरला स्टॉपर, स्टॉपरला मधल्या फळीत. इथे एक चूक नेहमी होते: मध्यंतराला सगळ्या दहा जणांच्या जागा एकदम बदलतात. मग कोणालाच काही सुचत नाही, खेळाचा विचका होतो आणि धडपडीत समोरच्या मुलांना लागतं. एका वेळी तीन-चार जागा पुरे. कीपरला स्ट्रायकर करण्याचा मोह टाळा, विशेषतः ग्लोव्हज काढून त्याला पेनल्टी मारायला पाठवण्याचा. काठावरच्या लोकांना ते विनोदी वाटतं, समोरच्या कीपरला नाही.

तिसरा उपाय अटींचा. दुबळ्या पायानेच शॉट. पेनल्टी एरियात फक्त क्रॉसवरून फिनिश. ज्याने आधीच गोल केलाय त्याने आता फक्त पास द्यायचा. चेंडू मिळाला की एकदा उजवीकडून डावीकडे फिरवल्याशिवाय शेवटच्या तिसऱ्या भागात जायचं नाही. यातली एकच अट एका वेळी द्या, फार तर दोन. आणि ती कानात सांगा, मैदानभर ओरडून नको. "आता डाव्या पायानेच मारायचं रे!" असं काठावरून ओरडलात तर समोरच्या अकरा जणांनाही ऐकू जातं की त्यांना सूट दिली जातेय. बदली खेळाडू आत जाताना त्याच्यामार्फत निरोप पाठवणं सगळ्यात बरं.

जे करायचं नाही त्यात सर्वांत वरचा नंबर चेंडू नुसता फिरवत बसण्याचा. आठ-शून्यला वीस मिनिटं आपसात पास, काठावरून प्रत्येक पासला "ओले!"ची चिडवणारी आरोळी, आणि मध्ये धावून धावून दमलेली दुसऱ्या संघाची मुलं. नवव्या गोलापेक्षा हे कितीतरी वाईट. रिकाम्या गोलसमोर मुद्दाम बाहेर मारणंही तसंच. दहा वर्षांच्या मुलालाही कळतं की समोरचा मुद्दाम चुकवतोय. संधी आली तर गोल करावा. संधी येणं अवघड करून ठेवणं हे कोचचं काम.

आता बेंचवरच्या मुलाबद्दल. गोल थांबवा म्हणणारे त्याला नेमके विसरतात. तो वर्षभर सरावाला येतो, ऐरोलीहून लोकल पकडून येतो, आणि त्याला मैदान दिसतं ते फक्त सहा-शून्य झाल्यावर. त्याला आत पाठवताना "गोल करू नकोस" सांगणं हा अन्याय आहे. त्याने मोकळेपणी खेळावं, जमलं तर मारावा. म्हणून अटी नेहमीच्या खेळाडूंना, बदली खेळाडूंना नाही. फुटबॉलच्या नियमांत ग्रासरूट आणि युवा गटांसाठी बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत घेण्याची मुभा आहे, पण ती स्पर्धेच्या नियमपत्रिकेत आहे का ते सामन्याआधी विचारून घ्या. मुभा असेल तर प्रत्येकी दहा मिनिटांची पाळी लावता येते. नसेल तर मध्यंतराला दोन बदल करून तिसरा राखून ठेवा. सगळे बदल पस्तिसाव्या मिनिटाला संपले आणि चाळिसाव्याला कोणाचा घोटा मुरगळला, तर उरलेला वेळ एक कमी घेऊन खेळावं लागतं.

एक खेळाडू स्वतःहून काढून दहा जणांनी खेळायचं का? अकराच्या खेळात संघात किमान सात असले की सामना चालतो, त्यामुळे नियमाची अडचण नाही. रेफ्रीला सांगून, खेळ थांबलेला असताना काढा. उलट, समोरच्यांना बारावा खेळाडू देणं अधिकृत सामन्यात चालणार नाही. सराव सामन्यात मात्र जरूर द्या. इंग्लंडच्या मुलांच्या फुटबॉलमध्ये चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक जास्तीचा खेळाडू उतरवू देण्याची पद्धत वापरली जाते. आपल्या टर्फवरच्या रविवारच्या सहा-सहाच्या सामन्यांना ती सहज लागू पडेल.

इथे कोणीतरी गोलफरकाचा मुद्दा काढतंच, आणि तो रास्त आहे. २०२२ च्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात अमेरिकेने भुवनेश्वरला भारताला ८-० हरवलं. त्या गटात अमेरिका आणि ब्राझील दोघांचेही ७ गुण झाले आणि पहिला क्रमांक गोलफरकाने ठरला. जून २०२५ मध्ये आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत आपल्या महिला संघाने चिआंग माईला मंगोलियाला १३-० ने धुतलं. शेवटच्या सामन्याआधी भारत आणि थायलंड दोघांचाही गोलफरक बरोब्बर २२ होता. तिथे कोणी आठव्या गोलानंतर हात आखडता घेतला असता तर ते बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. मोठ्यांच्या स्पर्धेत, जिथे नियमच गोल मोजतो, तिथे मारणाऱ्याला बोल लावू नये.

मात्र मोठा विजय पुढच्या सामन्यासाठी काही शिकवतो, हा समज सोडून द्यावा. जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीत ऑस्ट्रेलियाच्या महिलांनी इंडोनेशियाला १८-० हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत पुण्याला दक्षिण कोरियाकडून ०-१ हरून त्या घरी गेल्या. भारतावर आठ मारणारा अमेरिकेचा मुलींचा संघ नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नायजेरियाकडून पेनल्टींवर बाहेर पडला. अठरा गोलांच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या कीपरला आणि स्टॉपरना काय सराव मिळाला असेल? शालेय गटात हे जास्त जाणवतं. पहिल्या फेरीत ११-० जिंकलेल्या संघाचे बॅक मध्यरेषेपलीकडे उभे राहायला शिकतात, विंगर चौघांना चकवायला जातो, कीपर गप्पा मारतो. दुसऱ्या फेरीत बरोबरीचा संघ आला की पहिल्याच लांब चेंडूवर गोल खातात.

फुटबॉलला ही अडचण आहे कारण डाव सोडण्याची सोयच नाही. क्रिकेटमध्ये डाव घोषित करता येतो, तरी माणसं करतातच असं नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणला, जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ केल्या आणि संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला, तोही समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत गारद झालेला असताना. विक्रम म्हणून तो जगभर गाजला. समोरच्या मुलांचे ते दोन दिवस कसे गेले, यावर फार थोडं लिहिलं गेलं. कबड्डी या बाबतीत शहाणी म्हणायची. लोण चढला की वरच्या संघाला दोन गुण मिळतात, आणि खालच्या संघाचे सातही जण लगेच पुन्हा आत येतात.

हरणाऱ्या बाजूच्या सरांनाही बरंच करता येतं. कीपर बदलायचा असेल तर मध्यंतराला बदला. सहावा गोल खाल्ल्याखाल्ल्या काढलंत तर सहाही गोल त्याच्या नावावर लागतात आणि पुढच्या वर्षी ग्लोव्हज घालायला कोणी तयार होत नाही. दोन फॉरवर्ड वर उभे असतील तर एकाला खाली आणा आणि चार-चार-दोनचं चार-पाच-एक करा. वरच्या दोघांना चेंडू पोहोचतच नसतो, नुसती मधली फळी उघडी पडते. गोलकिक मधून मारणं बंद करून साइडलाइनच्या दिशेने मारा. चेंडू थ्रोला गेला तरी हरकत नाही, निदान बॅक जागेवर येतात. कीपरची किक अगदीच तोकडी असेल तर ती सगळ्यात जोरात मारणाऱ्या बॅकला मारू द्या, नियमात कोणालाही मारता येते.

आणि फलक विसरायला लावा, पण नुसतं "विसरा" म्हणून नव्हे. सामना दहा-दहा मिनिटांत कापा. या दहा मिनिटांत एकही गोल खायचा नाही. पुढच्या दहात तीनदा मध्यरेषा ओलांडायची. त्याच्या पुढच्या दहात एक कॉर्नर मिळवायचा. आठ-शून्यला मिळवलेल्या पहिल्या कॉर्नरवर मुलं ज्या तऱ्हेने उड्या मारतात ते बघितलं की ही युक्ती कशी चालते हे सांगावं लागत नाही.

दुखापतींचं गणितही लक्षात ठेवा. फरक वाढला की दमलेला डिफेंडर उशिरा टॅकल करतो, चिडलेला मागून करतो, आणि मार बसतो तो वरचढ संघाच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला. त्याला बाहेर काढण्यात औदार्य वगैरे काही नाही, व्यवहार आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुबळ्या संघाकडे बदली खेळाडूही कमी असतात आणि पोटऱ्यांत पेटके येतात. अशा वेळी पाण्यासाठी थांबण्याची विनंती वरचढ संघाच्या कोचने रेफ्रीला करावी. त्याने केली की ती बहाणेबाजी वाटत नाही.

काठावर पालक असतात. "अजून एक घाल!", "सोडू नको त्याला!" हे ओरडणारे कोचच्या हाताबाहेर नसतात. सामन्याआधी पालकांच्या ग्रुपवर दोन ओळी टाका: समोरच्या कीपरवर शेरे नकोत, पाचव्या गोलानंतर ढोल-शिट्ट्या नकोत. जल्लोषाचं मुलांनाही आधी सांगून ठेवा. २०१९ च्या महिला विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला १३-० हरवलं तेव्हा सगळ्यात जास्त टीका झाली ती शेवटच्या गोलांपर्यंत चाललेल्या जल्लोषावर. पाचव्यानंतर हस्तांदोलन पुरे. जाळ्यातून चेंडू उचलून सेंटरकडे पळत सुटणं तर बंदच. ०-१ ने मागे असताना ते करतात, ७-० ला त्याचा एकच अर्थ होतो.

पण निम्मा दोष आयोजकांचा, आणि तो कागदावर दुरुस्त होतो. साखळी फेरी असेल तर लिहा की एका सामन्यातून जास्तीत जास्त ५ चा गोलफरक धरला जाईल, आणि गुण समान झाले तर आधी आपापसातला सामना बघितला जाईल. इथे एक पळवाट राहते. तिसरा निकष "एकूण केलेले गोल" असा ठेवला तर दारातून घालवलेली हाव खिडकीतून परत येते. त्याऐवजी "कमी खाल्लेले गोल" ठेवा. ड्रॉ काढताना गेल्या वर्षीचे उपांत्य फेरीतले चार संघ चार वेगवेगळ्या चिठ्ठ्यांच्या डब्यांत टाका, आणि नवे संघ पहिल्या फेरीत शक्यतो एकमेकांसमोर आणा.

फरक आठ-दहावर गेला की सामना तिथेच संपवण्याचा नियम काही स्पर्धा लावतात. मला तो पटत नाही. मुरबाड-शहापूरहून पहाटे निघून, टेम्पोचं भाडं आणि प्रवेश फी भरून आलेल्या मुलांना अठराव्या मिनिटाला घरी पाठवणं ही कसली दया? निकाल तिथे गोठवा, फलक झाका, आणि उरलेला वेळ खेळू द्या. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, शालेय सामन्यांत अनेक राज्यं मोठ्या फरकानंतर घड्याळ न थांबवता चालू ठेवतात, त्यामागेही हाच विचार: खेळ होतो, पण लांबत नाही.

शेवटची गोष्ट आयोजकांच्या लक्षातच येत नाही: "सर्वाधिक गोल" ची ट्रॉफी. ती टेबलावर मांडलेली असली की कोणताही कोच आपल्या स्ट्रायकरला सहा-शून्यला बाहेर काढत नाही. काढलं तर मुलगा रुसतो आणि बाबा भांडायला येतात. ट्रॉफी द्यायचीच असेल तर फरक ५ होईपर्यंतचेच गोल तिच्यासाठी धरा, किंवा उपांत्यपूर्व फेरीपासून मोजायला सुरुवात करा. स्कोअरशीट भरणाऱ्याला सांगून पाचच्या फरकानंतर एक आडवी रेघ मारायला लावा. त्या रेघेखालचे गोल निकालात लिहिले जातात, ट्रॉफीच्या हिशेबात नाहीत. आणि हे सगळं पहिल्या सामन्याच्या सकाळी नाही, प्रवेश अर्जाबरोबर छापून द्या. नाहीतर अंतिम सामन्याआधी तंबूत ज्या बाचाबाची होतात त्या आवरायला रेफ्रीसुद्धा कमी पडतात.